गाडीत पाल चुकचुकते

गाडीची दुरुस्ती घरच्या घरी करायची हे मी हौसेनं नाही, रागानं ठरवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या इमारतीत ही हकीकत ज्या रूपात फिरते आहे तिची सुरुवात ‘बाईंना भारी हौस’ अशी होते. कसली डोंबलाची हौस! मी साधा बल्ब बदलायचा झाला तरी आधी मेन स्विच बंद करते, आणि मग भीतीपोटी हातातला टॉर्चसुद्धा.

तर आमच्या गाडीत आवाज येत होता. ब्रेक दाबला की ‘च्च’. कधी एकदा, कधी लागोपाठ दोनदा. मोठा नाही, पण अगदी कानाशी. पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. (इतरांच्या मनात ही पाल येऊन-जाऊन असते, माझ्याकडे तिचं कायमचं बिऱ्हाड आहे. आमची लेक ठकी झाल्यापासून तर तिला पिल्लंही झाली असावीत.)

नवऱ्याला सांगितलं. तो गाडी घेऊन एक चक्कर मारून आला.

“काही आवाज नाही गं.”

“तू ब्रेक हळू दाबला असशील.”

“चांगला जोरात दाबला.”

“मग जोरात दाबलास म्हणून नाही आला.”

यावर त्यानं चष्मा काढून पुसला. आमच्याकडे याचा अर्थ ‘चर्चा संपली’ असा असतो. पण मी पिच्छा सोडत नाही म्हटल्यावर त्यानं विचारलं, “चुकचुकल्यासारखा आवाज ना? मग खरोखरची पाल शिरली असेल आत.”

ही त्याची समजूत घालण्याची पद्धत! ब्रेक गेले असतील या भीतीनं मी अर्धी झाले होते, आता पाल मानेवर पडेल या भीतीनं उरलेली अर्धी झाले. दोघांनी मिळून गाडी झाडून काढली. बिस्किटांचा चुरा निघाला, ठकीचा एक पायमोजा निघाला, मी हरवला म्हणून नवऱ्याशी भांडले होते तो कंगवा निघाला. पाल काही निघाली नाही. दुसऱ्या दिवशी पाळणाघराच्या वळणावर ब्रेक दाबला आणि कानाशी आलंच: ‘च्च च्च’.

त्या संध्याकाळी नवरा फार प्रेमानं म्हणाला, “अगं, इतकी भीती वाटते तर नको ना चालवूस. गाडी मी नेत जाईन. सकाळी तुम्हा दोघींना सोडेन, संध्याकाळी तेवढं बसनं या.”

वाक्य वरून मऊ आहे, पण आत खिळा आहे. ठकी, ठकीची पिशवी, माझी पिशवी, छत्री, आणि बसमध्ये ‘मी नाही बसणार, मी उभी लाहणार’ हा ठकीचा बाणा, हे सगळं एकाच हातात घेऊन दुसऱ्या हातानं दांडा धरायचा, हे मी वर्षभर केलं होतं. त्यातून सुटायला मी गाडी शिकले. मला शिकवणारे मास्तर शेवटच्या दिवशी माझ्यापेक्षा जास्त खूश दिसत होते, पण लायसन्स मिळालं होतं, आणि ते माझ्या नावाचं होतं. आता एका ‘च्च’पायी ते पाकिटात पडून राहणार. बरं, आवाजाकडे दुर्लक्ष करावं तर मागच्या सीटवर ठकी बसलेली. ब्रेक म्हणजे काही अत्तर नव्हे, असलं तर बरं नसलं तरी चाललं म्हणायला! म्हणजे आवाज तरी सापडायला हवा, नाहीतर गाडी तरी सुटायला हवी.

मी गॅरेज गाठलं. गॅरेजवाले भारदस्त गृहस्थ आहेत. कानात फोनची तार, डोक्यावर चष्मा, आणि समोरच्या गाडीकडे बघताना एखाद्या मोठ्या डॉक्टरसारखा चेहरा. माझ्याकडे न बघता माझ्या मागे बघत ते म्हणाले, “साहेब नाही आले?”

“साहेब ऑफिसात आहेत. गाडी मी चालवते.”

“बरं बरं. काय होतंय गाडीला?”

“ब्रेक दाबला की आवाज येतो.”

“कसा? टक?”

“टक नाही. च्च.”

“चुंईऽऽ असा?”

“नाही हो. च्च.”

“खर्र?”

“च्च! च्च च्च!”

“काढता मात्र झकास हं,” ते म्हणाले. “पण मॅडम, गाडीत टक असतो, खर्र असतो, किर्र असतो, म्हाताऱ्या गाडीत घुंऽऽ पण असतो. ‘च्च’ कंपनी देतच नाही.”

तरीही त्यांनी गाडी ठेवून घेतली, संध्याकाळी मला चार झिजलेली रबरं दाखवली, “हे बुश गेले होते, बघा कसे झालेत,” असं हळहळून सांगितलं आणि नवे बसवल्याचं बिल हातात दिलं. मी समाधानानं गाडी बाहेर काढली. दारातच समोरून एक हातगाडी आली. ब्रेक. ‘च्च’.

मी तिथूनच गाडी मागे घेतली. मग ते स्वतः चालवायला बसले आणि मी शेजारी. आवाज ऐकू यावा म्हणून मी श्वाससुद्धा रोखून धरला होता. चक्कर मारून झाली, माझा चेहरा निळा पडला, पण आवाज काही आला नाही. खाली उतरून त्यांनी काय करावं? मी समोर उभी, किल्ली माझ्या हातात, आणि यांनी फोन लावला नवऱ्याला!

“साहेब, गाडी एकदम ओके आहे. मॅडमना जरा भास होतोय.”

भास! मला! माझं काम मुद्रितं तपासण्याचं आहे. छापायला जाणाऱ्या पुस्तकातली प्रत्येक चूक माझ्या नजरेखालून जाते. पानभर मजकुरात एक वेलांटी चुकली तर मला ती दारातून दिसते. दिवसाकाठी मी इतक्या चुका पकडते, की माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंनी नुकतंच टेबल बदलून घेतलं. (का, ते त्यांनी सांगितलं नाही. “तुमचं काम चालू असतं, मला लक्ष लागत नाही,” एवढंच म्हणाल्या. हेवा, दुसरं काय!) तर अशा बाईला भास?

आणि मला साक्षीदारही मिळाला. पाळणाघरातल्या मावशी दारातच म्हणाल्या, “अहो, तुमची ठकी गंमतच करते. बाकीची पोरं गाडी-गाडी खेळताना भुर्रर्र म्हणतात, ही च्च च्च करते.”

मला त्या मावशींना मिठी मारावीशी वाटली. घरी आल्यावर मी ठकीला नवऱ्यासमोर उभं केलं.

“ठके, आईची गाडी कशी करते?”

“च्च च्च.”

“आणि बाबांची गाडी?”

“भुल्लल्ल!”

“ऐकलंस?” मी म्हटलं. “लेकरू खोटं बोलत नाही.”

“अगं, पण आईची आणि बाबांची गाडी एकच आहे ना?”

“तेच तर म्हणते मी! तू बसलास की मुकाट चालते, मी बसले की आवाज करते. गॅरेजवाल्यांकडून शिकली असेल.”

नवऱ्यानं चष्मा काढला. तो पुसायच्या आत मी जाहीर केलं, “आता ही गाडी मीच उघडणार. घरी.”

फोनवर व्हिडिओंची काही कमी नाही. त्यातल्या एका बुवानं सांगितलं, की ब्रेकचा आवाज दर वेळी चाकातूनच येतो असं नाही, कधीकधी स्टिअरिंगच्या खालचं प्लास्टिकचं कव्हर सैल झालेलं असतं. मला पटलं. आवाज येतो तिथूनच तर येतो, अगदी जवळून, छातीच्या वर, हनुवटीच्या आसपास. “पाच मिनिटांचं काम आहे, मित्रांनो,” असं म्हणून त्या बुवानं ते चुटकीसरशी उघडलं. (मैत्रिणी बहुधा बैलगाडीनं जातात.)

शनिवारी दुपारी नवरा ठकीला झोपवायला घेऊन गेला तशी मी खाली पार्किंगमध्ये उतरले. हातात स्क्रूड्रायव्हर आणि डिकीत सापडलेला एक दहाचा पाना. पाना म्हणजे नट फिरवायचं हत्यार. पानामागून पान मी जन्मभर उलटत आले, पाना पहिल्यांदाच धरत होते, पण एका कान्याचाच तर फरक!

कव्हर निघालं. हे वाक्य मी अभिमानानं लिहिते, कारण या हकीकतीत मी धडपणे केलेलं तेवढं एकच काम आहे. आत वायरी होत्या. लाल, निळ्या, पिवळ्या, एकमेकींच्या गळ्यात गळे घालून बसलेल्या. मी त्यांना हात लावला नाही. फक्त जरा नीट बसवल्या. (घरात पसारा मला बघवत नाही, तो गाडीच्या पोटात कसा बघवेल?) कव्हरच्या कडेला फडक्याची घडी दाबून बसवली, म्हणजे सैलपणा जाईल. स्क्रू पिळले. एक उरला, तो ठकीच्या हाती लागू नये म्हणून पदराला बांधतात तसा ओढणीच्या टोकाला बांधला. आणि किल्ली फिरवली.

पोंऽऽऽऽऽ.

मी हॉर्नला हात लावला नव्हता. मी किल्ली बंद केली. पोंऽऽऽ. किल्ली बाहेर काढली, ओढणीत गुंडाळली, मागच्या सीटवर फेकली. पोंऽऽऽ. अख्खी इमारत शनिवारची दुपारची झोप टाकून गॅलऱ्यांत आली. कोणी कानावर हात ठेवले होते, कोणी फोन माझ्याकडे रोखले होते. दुसऱ्या मजल्यावरचे काका, रेडिओ दुरुस्त करण्यात ज्यांची नोकरी गेली, म्हणजे नोकरीची सारी वर्षं गेली, ते कठड्यावरून अर्धे बाहेर लोंबून ओरडत होते. मला शब्द लागत नव्हते.

“काय?”

“काढा!”

“काय काढू?”

“ऽऽयर काढा! आधी ऽऽयर काढा!”

“बाहेर काढू?”

काकांनी जोरजोरात मान हलवली. आता मान हलवण्याचा अर्थ होही होतो आणि नाहीही होतो. त्यातला कुठला ते वरून दिसतं, खालून नाही दिसत. इतकी माणसं माझ्यामुळे उठलेली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालेलं, त्यात मोठं माणूस म्हणतंय गाडी बाहेर काढा. मी किल्ली शोधली आणि गाडी बाहेर काढली.

फाटकाशी नवरा धावत आला. अर्ध्या चड्डीवर, खांद्यावर ठकी. मी ब्रेक दाबला. (‘च्च’ झालं असेलही, त्या पोंपुढे कोणाला ऐकू येणार?)

“अगं, वायर!” तो दार उघडून ओरडला. “काका सांगतायत, बॅटरीची वायर काढ! वायर!”

“मग बाहेर काढा कशाला म्हणाले?”

“बाहेर नाही, वायर!”

“आता बाहेर आलेय ना मी! बस आत!”

दहाचा पाना असता तर वायर तिथल्या तिथे काढता आली असती. पाना पार्किंगच्या कट्ट्यावर राहिला होता. तिथवर मागे जायचं म्हणजे पुन्हा त्या गॅलऱ्यांसमोरून. त्यापेक्षा गॅरेज बरं, असं मी म्हणाले. माझ्या तोंडून हे वाक्य निघेल असं मला सकाळी कोणी सांगितलं असतं तर मी त्याला भास झालाय म्हटलं असतं.

ठकीला मागे तिच्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधलं आणि आम्ही निघालो. रस्ता असा मोकळा मला जन्मात मिळाला नव्हता. बस बाजूला झाली. दोन मोटारी थेट फुटपाथवर चढल्या. चौकातल्या पोलिसानं बाकीची रहदारी अडवून आम्हाला पुढे काढलं, आणि आत कोण अत्यवस्थ आहे म्हणून वाकून पाहिलं. नवरा तोंड झाकून बसला होता, त्यामुळे त्याची खात्री पटली असावी. एकटी ठकी आनंदात होती. “आई, पोंऽऽ! अजून पोंऽऽ!”

गॅरेजवाल्यांनी आम्हाला येताना पाहिलं नाही, ऐकलं. रस्त्यापर्यंत सामोरे आले. बॉनेट उघडून त्यांनी पान्याच्या एका फिरक्यात वायर काढली, आणि अशी शांतता पसरली, की मला माझ्या घामाचा आवाज येऊ लागला.

“कोणी उघडलं होतं हे?” त्यांनी नवऱ्याला विचारलं.

“मी,” मी म्हटलं.

त्यांनी कव्हर काढलं, फडक्याची घडी काढली, घडीखाली चेपलेली हॉर्नची वायर काढली, बॅटरीच्या वायरीसकट सगळं जागच्या जागी बसवलं. मग हात पुढे करून म्हणाले, “एक स्क्रू कमी आहे.” मी ओढणीची गाठ सोडून दिला. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर मी ऐकून घेतलं असतं, पण ते हसू दाबत होते, आणि ते मला सहन झालं नाही.

“हॉर्नचं झालं. आता माझ्या आवाजाचं काय?”

“मॅडम, सांगितलं ना, आवाज नाहीये.”

“बसा,” मी म्हटलं. “गाडीत बसा. शेजारी. तुम्ही नाही चालवायचं, मी चालवते. आणि साहेब मागे बसतील!”

मी रागाच्या भरात गाडी काढली. श्वास रोखायचंही भान नव्हतं. माझं तोंड चालूच होतं. बुश बदललेत त्यानं काय झालं, गिऱ्हाईक बाई असली की तिच्या कानांवर विश्वास नाही, फोन नवऱ्याला, बिल मात्र मला! आणि तेवढ्यात एका सायकलवाल्यानं डावीकडून मुसंडी मारली. ब्रेक.

‘च्च!’

“आला!” गॅरेजवाले ओरडले.

“आला ना?” मीही ओरडले. “ऐकलात ना? तूही ऐकलास ना रे?”

“हो गं, ऐकला!” मागून नवरा म्हणाला. त्याचा आवाज पार बदलला होता. “आयला, खरंच आहे की!”

काय सांगू मला काय वाटलं! ब्रेक खराब असल्याचा इतका आनंद जगात कोणाला झाला नसेल. मी विजयी मुद्रेनं पुढे निघाले. गॅरेजवाल्यांनी चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला आणि डॅशबोर्डला कान लावला. “चालू द्या. तुमच्या तुम्ही चालवा.”

कोपऱ्यावर एक म्हातारे गृहस्थ इकडेतिकडे न बघता रस्त्यात उतरले. ब्रेक. ‘च्च च्च’.

गॅरेजवाल्यांचा कान डॅशबोर्डवरून उठला. स्टिअरिंगकडे आला. तिथून जरा वर आला. मग ते हळूच मागे सरकून नीट बसले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

“सापडलं?” मी विचारलं.

“हं.”

“काय आहे? सांगा ना. जे असेल ते बदलून टाका!”

“बदलता नाही येणार, मॅडम.”

“म्हणजे? कंपनीचा पार्टच मिळत नाही?”

मग मागून ठकीनं टाळ्या वाजवल्या.

“आई, पुन्हा कल! च्च कल!”

मी गाडी बाजूला घेतली. बाजूला घेताना मध्ये एक कुत्रं आलं, आणि या वेळी मला माझी जीभ टाळ्याला चिकटून सुटताना स्वच्छ कळली.

कार्यालयातल्या बाईंनी टेबल का बदललं तेही त्याच क्षणी कळलं.

नवरा हसला नाही, हे त्याचे उपकार. (घरी जाऊन न्हाणीघरात हसला. नळ सोडून. पाणी मात्र बादलीत पडत नव्हतं, कारण बादली बाहेर होती.) मी गॅरेजवाल्यांकडे वळले. अजून एक मुद्दा माझ्या हातात होता.

“मग ते बुश? गेले होते म्हणालात ना? चांगले हळहळत होतात!”

“जुने बुश सगळ्यांचे तसेच दिसतात, मॅडम,” ते खिडकीकडेच बघत म्हणाले. “तुमच्या समाधानासाठी बदलले.”

माझ्या समाधानासाठी! माझ्या तोंडातल्या आवाजासाठी यांनी माझ्या गाडीचे सांधे बदलले, आणि भास म्हणे मला! मी रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांना पुष्कळ सुनावलं. मधल्या काळात दोनदा ‘च्च’ झालं, त्यानं बोलण्याची धार गेली.

गाडी मात्र माझ्याकडेच राहिली. नवरा म्हणाला, “ब्रेक ठणठणीत आहेत. ड्रायव्हर आवाज करतो म्हणून कोणी गाडी बंद ठेवत नाही.” गेले काही दिवस मी तोंडात लवंग धरून चालवते. आवाज पुष्कळ कमी आहे. ठकीचा अजून गेलेला नाही. उलट पाळणाघरातली सगळी पोरं आता तिचं ऐकून च्च च्च करत गाड्या पळवतात.

परवा चाकात हवा भरायला गॅरेजात थांबले होते. पलीकडे एक गृहस्थ गॅरेजवाल्यांना काकुळतीनं सांगत होते, “अहो, मुलगा मागे बसलेला असतो, मी ब्रेक दाबतो, आणि नेमका आवाज येतो. मागून कुठूनतरी. सस्पेंशन असेल का?”

“छे छे,” गॅरेजवाले म्हणाले. “हा मला माहितीये. याला आम्ही मॅडम-आवाज म्हणतो. याला हत्यार लावायचं नसतं.”

मॅडम-आवाज! शिकली-सवरलेली बाई मी, आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द तपासले, आणि भाषेत माझ्या नावानं भर पडली ती ही! कानशिलं तापली. गॅरेजवाल्यांना शोभेल असं काहीतरी जहाल सुनावायचं म्हणून मी तोंडातली लवंग काढली, त्यांच्याकडे रोखून पाहिलं, आणि रागाच्या भरात तोंडून निघालं ते एवढंच:

“च्च!”

“हाऽऽ!” गॅरेजवाल्यांनी त्या गृहस्थांचा दंड पकडला. “ऐकलात? असाच येतो ना?”